उलट्या लवेचा पडदा

"वन्सं, पाय उचला बघू."

"उचललाय की. अजून किती उचलू? डोक्यावर ठेवू?"

राजवाड्याच्या पायरीवर बसून काकू नणंदेच्या चपलांवर कापडी पिशव्या चढवत होत्या. आतल्या लाकडी जमिनीवर चरे पडू नयेत म्हणून येणाऱ्या प्रत्येकाच्या पायात या निळ्या पिशव्या घालायचा इथला नियम होता. वन्सं बहात्तर वर्षांच्या, आणि त्यांचे गुडघे त्यांच्याही आधी म्हातारे झालेले. वाकणं त्यांना जमत नसे, बोलणं मात्र चोवीस तास जमे. काकूंनी दुसरी पिशवी हातात घेतली आणि चढवायच्या आधी सवयीनं उलटी करून पाहिली. टाके इतके लांब होते की त्यातून करंगळी गेली असती.

"राजाच्या घरी असलं काम," त्या पुटपुटल्या.

"राजाला जाऊन जमाना झाला. तू चढव आणि उठ. सगळे पुढे गेले."

सहलीत एकंदर सव्वीस माणसं होती आणि त्यातल्या चोवीस जणांना हा राजवाडा म्हणजे दुपारच्या जेवणाआधी उरकायचं एक ठिकाण होतं. काकूंनी मात्र आठ दिवसांची ही सगळी सहल याच एका सकाळसाठी घेतली होती. माहितीपत्रकात पाचव्या दिवसापुढे राजवाड्याचं नाव वाचलं आणि त्यांनी तिथल्या तिथे नणंदेला फोन लावला, "वन्सं, येता का?" वन्संना फिरायला बोलावणं म्हणजे मांजराला दुधाचं आमंत्रण. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून हजर. इथल्या दरबार हॉलचे पडदे आपल्या भावानं कापलेत, हे वन्संना ठाऊक होतं, आणि बसमध्ये ते त्यांनी निम्म्या लोकांना सांगूनही झालं होतं. काकूंना त्यातला एकच पडदा बघायचा होता. सोळा खिडक्यांपैकी सोळाव्या खिडकीचा. तो अजून तिथे आहे की काढून टाकला, हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायचं तरी कुणाला? ज्यांना विचारता आलं असतं ते त्यांचे यजमान, मास्तर, तीन वर्षांपूर्वी गेले होते.

"मंडळी, पिवळ्या छत्रीच्या मागे!" सहलीबरोबरची बाई ओरडली. तिच्या हातात ऊन असो नसो एक पिवळी छत्री कायम उघडी असे, म्हणून सगळे तिला छत्रीवाली म्हणत. "भराभर बघायचंय. सव्वाबाराला दरबार हॉल बंद होतो."

"तो कितवा?" काकूंनी विचारलं.

"शेवटचा, काकू. चांगलं ते शेवटी!"

काकूंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

मग सुरू झाली दालनांमागून दालनं. राजाचा पलंग, ज्यावर चढायला शिडी लागे. राणीची आंघोळीची खोली, जिच्यात काकूंच्या दोन खोल्या बसल्या असत्या. दोनशे माणसांचं जेवणाचं टेबल. सहलीतली मंडळी मान वर करून छतावरची चित्रं बघत होती आणि "बापरे" म्हणत होती. काकू एकट्या मान खाली घालून चालत होत्या. प्रत्येक खोलीत शिरल्या की त्या आधी खिडकीकडे जात, पडद्याचा तळ बघत आणि पुढे होत. कुठे अस्तर लोंबत होतं, कुठे चुण्या सारख्या नव्हत्या. राणीच्या खोलीतला रेशमी पडदा उन्हानं विरला होता, नुसता हात लावला असता तरी फाटला असता.

बेचाळीस वर्षांपूर्वी हा राजवाडा लोकांना बघायला खुला करायचं ठरलं, तेव्हा दरबार हॉलसाठी नवे पडदे करायचं काम काकूंच्या गावातल्या कारखान्याला मिळालं होतं. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, आठ मशिनं आणि मधोमध कापायचं टेबल. त्या टेबलाचे राजे म्हणजे मास्तर. काकूंना तेव्हा काकू कोण म्हणणार, सव्वीस वर्षांच्या होत्या. कारखान्यात त्यांचं नाव होतं टाचणी, कारण शिवताना चार-पाच टाचण्या त्यांच्या ओठांत कायम धरलेल्या असत. "म्हणून तर आमचा संसार सुखाचा," मास्तर सगळ्यांना सांगत, "हिच्या तोंडात टाचण्या आहेत तोवर मला बोलणी बसत नाहीत."

मास्तर डावखुरे होते. त्यांच्या डावीकडे बसलं की कोपराला कोपर लागायचं, म्हणून काकू नेहमी त्यांच्या उजव्या हाताला बसायच्या. कारखान्यात, घरी जेवताना, बसमध्येसुद्धा. या सहलीतही पहिल्या दिवशी त्या अशाच बसल्या होत्या, डावीकडची जागा मोकळी ठेवून. मग वन्सं धापा टाकत आल्या आणि त्या जागेवर बसल्या, आणि काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पडद्यांचं कापड होतं डाळिंबी रंगाची मखमल. मखमलीला लव असते. लवेच्या दिशेनं हात फिरवला तर मऊ लागतं, उलट फिरवला तर अडतं. लव खाली उतरती ठेवून पडदा टांगला की रंग उजळ दिसतो. तोच पडदा उलटा टांगला की काळपट, जांभळट दिसतो, पाहणाऱ्याला वाटतं हा वेगळ्याच ताग्यातला. म्हणून मास्तर कापड कापलं की आतल्या बाजूनं खडूनं एक बाण काढत. बाणाचं टोक ती वरची बाजू. काकूंनी ते बघायचं, वर चुण्या घालून कड्या लावायच्या. मग तळाच्या दुमडीत दर दोन वितींवर शिशाची एकेक गोळी घालून दुमड हातानं शिवायची, म्हणजे पडदा सरळ पडतो. ते काम मास्तर आणि कारखान्यातले म्हातारे बुवा आपसात वाटून करत. मग पडदा ट्रकमध्ये.

पंधरा खिडक्या सुरळीत पार पडल्या. सोळाव्या खिडकीच्या वेळी नवरा-बायकोत अबोला होता.

अबोल्याचं कारण ऐकाल तर हसाल. कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही, हा शिवणाऱ्या माणसांचा नियम देवाच्या नियमापेक्षा कडक. कागदानं धार जाते. मास्तर तर आपली कात्री रोज घरी नेत आणि उशाशी ठेवत. एका सकाळी ती कात्री मखमलीवर अडखळली. मास्तरांनी पाती उघडून बघितली तर आत कागदाचा भुसा. सगळ्या कारखान्यासमोर त्यांनी विचारलं, "टाचणे, तू हिनं कागद कापलास?"

काकूंनी कापला नव्हता. पण त्यांनी "नाही" म्हटलं नाही. सहा वर्षं शेजारी बसून शिवणाऱ्या बाईला हे विचारावंच का? त्यांनी ओठांत टाचण्या धरल्या आणि तोंड बंद केलं ते चार दिवस. मास्तरही हट्टाला पेटले. घरात भांडी बोलत होती, माणसं नाही.

पाचव्या दिवशी शेवटचा पडदा काकूंच्या मशिनवर आला. हाताळून हाताळून आतला खडूचा बाण पुसला गेला होता. "वर कुठली बाजू?" एवढंच विचारायचं होतं. काकूंनी विचारलं नाही. अंदाजानं एक बाजू धरली आणि कड्या लावून टाकल्या. सगळं झाल्यावर घडी घालताना त्यांचा तळवा मखमलीवरून फिरला आणि हाताला कळलं. लव वर चढत होती.

मास्तर दहा पावलांवर उभे होते, पाठमोरे. "अहो, हा पडदा उलटा झालाय." एवढं एक वाक्य. दीड तासात उसवून पुन्हा शिवून झाला असता. पण मग अबोला आधी कुणी सोडला? टाचणीनं. आणि वर चूक कुणाची? तीही टाचणीचीच. काकूंनी मनात म्हटलं, यांचा हात लागला की कळेलच यांना, बोलू देत यांनाच. त्यांनी पडदा मास्तर आणि बुवा दोघांच्या मधल्या गठ्ठ्यावर ठेवला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी निघून गेल्या. सकाळी येऊन बघतात तर ट्रक गेलेला. बुवांची नजर अधू, हात खरखरीत, त्यांनी शिसं भरून पडदा तसाच चढवला असणार, असं काकू समजल्या.

दहा दिवसांनी राजवाड्याचं पत्र आलं. पडदे ओळीनं धरून बघितले, तर सोळावा वेगळा दिसतो. चुण्यांचे वळ एकदा बसले की मखमल उसवून उलटवता येत नाही, आणि तो रंग गिरणीनं पुन्हा काढायचं नाकारलं होतं, म्हणजे बदलून द्यायची सोय नव्हती. मालकांनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. "ही चूक कुणाची?" काकूंच्या तोंडातल्या टाचण्या त्यांना टोचत होत्या. त्या काढून हातात घेईपर्यंत मास्तर म्हणाले, "कापड मी कापलं, खूण मी केली. चूक माझी."

झालं. पडदे टांगायला मास्तर आणि काकूंनी आठ दिवस राजवाड्यात जायचं ठरलं होतं. काकूंनी त्यासाठी मास्तरांना नवा शर्टही शिवून ठेवला होता. त्यांच्या जागी दुसरा मास्तर गेला. पुढे मखमल, रेशीम असलं काम मालकांनी मास्तरांच्या टेबलावर पुन्हा येऊ दिलं नाही. उरलेली सगळी वर्षं त्यांनी बसच्या सीटची कव्हरं आणि मांडवांच्या कनाती कापल्या. जगातला सगळ्यात चांगला हात, आणि कनाती! मास्तर त्याबद्दल कधी हूं की चूं बोलले नाहीत. पत्र आलं त्या दिवशी घरी येऊन ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चहा टाक." अबोला सुटला तो त्या चहावर. काकूंनी चहा टाकला, आणि ते एक वाक्य त्या दिवशी जे गिळलं ते गिळलंच. पुढे कितीदा तरी ते ओठांवर आलं. मुलाच्या लग्नात आलं, मास्तर निवृत्त झाले तेव्हा आलं, दवाखान्यात त्यांच्या पलंगाशी बसल्यावर तर रोज यायचं. पण ज्या गोष्टीला पहिल्या दिवशी एक वाक्य पुरतं, तिला दहा वर्षांनी शंभर वाक्यं लागतात, आणि नंतर तर सुरुवात कुठून करायची तेच कळेनासं होतं.

"एकदा जाऊन बघून येऊ," मास्तर अधूनमधून म्हणत. "आज जाऊ" असं काकू म्हणाल्या की मात्र हसत, "घाई काय? पडदे काय कुठे पळून जातात?"

पडदे गेले नाहीत. मास्तर गेले.

आरशांच्या दालनात सगळा घोळ झाला. तिथे एका आरशात माणूस बारीक दिसत होता, आणि सहलीतल्या प्रत्येकाला आपला तसा फोटो हवा होता. वन्संनी तर दोनदा काढून घेतला. काकू दाराशी उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. अकरा पन्नास. बारा. बारा पाच.

छत्रीवालीनं टाळी वाजवली. "मंडळी, उशीर झाला. दरबार हॉल आता राहू दे. तिथे तसं काही नाहीय हो, रिकामा आहे. सरळ बागेतून बसकडे जाऊ."

"हो, हो, भूक लागली," कुणीतरी म्हणालं.

पाच दिवसांत काकूंनी कुणापुढे आवाज चढवला नव्हता. जेवण थंड आलं तरी नाही, खोली जिन्याशेजारची मिळाली तरी नाही. आता मात्र त्या म्हणाल्या, "मी जाणार."

"अहो काकू, पण दहा मिनिटांत..."

"दहा मिनिटं खूप झाली. कुठून जायचं सांगा."

"आमचे पडदे आहेत तिथे!" वन्सं मागून गरजल्या. "माझ्या भावानं कापलेत. गुडघ्याचं बघू नंतर. चल गं वहिनी!"

दोन म्हाताऱ्या निळ्या पिशव्या फरफटवत निघाल्यावर बाकीच्यांना लाज वाटली की उत्सुकता, कोण जाणे, पण पिवळी छत्री मुकाट्यानं त्यांच्या मागे वळली.

दरबार हॉल खरंच रिकामा होता. एका टोकाला सिंहासन, मधे चकचकीत लाकडी जमीन, आणि एका बाजूला ओळीनं सोळा उंच खिडक्या. काकू दारातच थांबल्या. बेचाळीस वर्षं झाली तरी मखमल उभी होती. ऊन तिच्यावरून खाली घसरत होतं आणि एकेक चुणी सरळ रेषेत जमिनीला टेकत होती. मास्तरांनी हे कधी पाहिलं नाही, या एका विचारानं काकूंना भडभडून आलं. त्या मोजत चालल्या. एक, दोन, तीन. बाराव्या खिडकीपासून त्या बोटांवर मोजू लागल्या. चौदा. पंधरा.

सोळावा पडदा तिथेच होता. पंधरा डाळिंबी पडद्यांच्या शेवटी एकटाच काळसर, रुसून कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

"आणि हा प्रसिद्ध राणीचा पडदा!" छत्रीवालीनं छत्रीचं टोक तिकडे केलं. "शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. राजा शिकारीला गेला तो परत आलाच नाही. राणी रोज या खिडकीत बसून वाट बघायची आणि पडद्यात तोंड लपवून रडायची. तिच्या दुःखानं हा एकच पडदा काळा पडला. बघा, बाकीचे सगळे लाल आहेत!"

"अरेरे," मंडळी म्हणाली, आणि फोटो काढू लागली.

"दुःखानं मखमल काळी पडत नसते," काकू म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या, त्यामुळे फक्त वन्संनी ऐकलं.

वन्संनी त्यांचा दंड धरला. "वहिनी, हाच ना गं तो? दादाच्या हातून चुकलेला?" त्यांचे डोळे भरून आले होते. "एक चूक केली बिचाऱ्यानं जन्मात. एकच. आणि तिनं त्याचं सगळं आयुष्य खाल्लं."

"त्यांनी नाही केली, वन्सं," काकू म्हणाल्या. "मी केली."

भिंतीशी एक बाक होतं. वन्संना तिथे बसवून काकूंनी सगळं सांगितलं. बाण पुसला होता ते, विचारलं नाही ते, हाताला कळलं तरी मूग गिळून घरी गेल्या ते. सांगायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बेचाळीस वर्षांचं ओझं, आणि तीन मिनिटं. "बोला आता हवं ते," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचा भाऊ होता. तुमचा हक्क आहे."

वन्सं काहीच बोलल्या नाहीत. ही गोष्ट इतकी नवलाची होती की काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"अबोला कात्रीवरनं होता म्हणालीस?" वन्संनी विचारलं.

"हो. कागद कापला म्हणून."

"तेव्हा मी तुमच्याकडे आले होते. चार दिवस." वन्संनी पदर चाचपला, सोडला, परत चाचपला. "तुझ्या फळीवरच्या डब्यांखाली घालायला कागद हवा होता. दादाच्या उशाशी कात्री दिसली. तो आंघोळीला गेला होता. मी म्हटलं, कात्री ती कात्री."

काकूंनी त्यांचा चाचपणारा हात धरला.

"मला काय माहीत गं तुमचे नियम! आणि तुम्ही दोघं तोंडं फुगवून बसलात तेव्हा मला वाटलं तुमचं आपसातलं काहीतरी आहे. मी दुसऱ्या दिवशी गेलेही निघून." वन्सं रडकुंडीला आल्या. "विचारायचंस तरी मला."

"तुम्हालाही नाही विचारलं," काकू म्हणाल्या. आणि मग काय झालं कोण जाणे, त्यांना हसू फुटलं. वन्सं आधी बघत राहिल्या, मग त्याही हसायला लागल्या. दोघी बाकावर एकमेकींना धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी नंतर थांबेना, तेव्हा हसणं कधी संपलं ते त्यांनाही कळलं नाही.

मंडळी बाहेर पडू लागली. "मी दारापर्यंत पोचते, तोवर तुझं आटप," म्हणत वन्सं उठल्या. भिंत धरत धरत निघाल्या.

काकू पडद्यापाशी गेल्या. पुढे जाड दोरी बांधलेली होती. त्यांनी ती उचलली आणि खालून वाकून आत शिरल्या.

"ओ बाई!" कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा पहारेकरी उठून धावत आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. "दोरीच्या बाहेर व्हा. हात लावायचा नाही."

"हा पडदा मी शिवलाय."

"राणीच्या वेळचा आहे तो. आत्ता सांगितलं ना त्यांनी."

"राणीच्या वेळी नायलॉनच्या कड्या होत्या का? वर बघा."

पहारेकऱ्यानं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. रोज आठ तास याच हॉलमध्ये बसूनही त्याला हा प्रश्न कधी पडलेला नव्हता.

"तळाच्या दुमडीत शिसं आहे," काकू म्हणाल्या. "दर दोन वितींवर एक गोळी. तुमच्याच हातानं बघा."

तो वाकला आणि दुमड चाचपली. मग विती टाकून दुसरी गोळी शोधली. सरळ झाला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "आहे खरं. काय बघायचंय तुम्हाला?"

"एक कोपरा. मागून."

पहारेकऱ्यानं दाराकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. "मला तिकडचं मोठं दार लावून घ्यायचंय," तो म्हणाला. "जड आहे. दोन मिनिटं जातात त्यात."

तो गेल्यावर काकू गुडघ्यांवर बसल्या, चष्मा सारखा केला आणि पडद्याचा कोपरा उलटा केला. आपण काय शोधतोय हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. आपल्या कारखान्याची हातशिलाई बेचाळीस वर्षांत कशी टिकली ते बघावं, एवढंच मनात होतं. बुवांचे टाके त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते, मोठे, उजवीकडे कललेले.

हे टाके बारीक होते. सगळे एका मापाचे. आणि सगळे डावीकडे कललेले.

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. टाके डावीकडेच कललेले होते. अख्ख्या कारखान्यात डावखुरा माणूस एकच होता.

म्हणजे हा पडदा त्या दिवशी मास्तरांनी घेतला होता. त्या घरी गेल्यावर मांडीवर घेऊन, तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवला होता. अर्धा-पाऊण तास मखमल त्यांच्या तळव्याखाली होती. डोळे मिटून ताग्यांतले दोष सांगणारा तो तळवा. त्यांना कळलं होतं. कळणारच. कळूनही त्यांनी गोळ्या भरल्या, दुमड शिवली, दोरा तोडला आणि पडदा ट्रकमध्ये चढवला.

का नाही बोललात? काकूंच्या मनात आलं, आणि उत्तर त्याच्या मागोमाग आलं. घर कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. येऊन म्हणायचं होतं, "टाचणे, पडदा उलटा झालाय." पण मग अबोला आधी कुणी सोडला असता? तिनंच बोलावं, म्हणून हेही वाट बघत बसले असतील. की चार दिवसांनी पहिला शब्द बोलायचा आणि तोही चूक दाखवायचा, हे त्यांच्या जिवावर आलं? की तिची चूक तिला दाखवण्यापेक्षा आपल्या नावावर घेतलेली बरी, असं वाटलं? आणि नंतर सगळी वर्षं त्यांच्याही ओठांवर ते येत राहिलं असेल का? मुलाच्या लग्नात, दवाखान्यात? "पडदे काय कुठे पळून जातात," म्हणून हसणारा माणूस याच कोपऱ्याला भीत होता की काय? हे सगळं काकूंना आता, या क्षणी, विचारायचं होतं. घरी जाऊन चहा टाकावा, समोर बसावं आणि विचारावं, अशी अनावर ओढ त्यांना लागली. आणि घरी कुणीही नव्हतं.

त्या पडद्याला धरूनच उठल्या. तळवा मखमलीवर ठेवला आणि खांद्याच्या उंचीपासून हळूहळू खाली आणला. हात अडला.

"अहो," काकू म्हणाल्या, "हा पडदा उलटा झालाय."

दार लावून परत आलेला पहारेकरी मागे थांबला. "मला म्हणालात का?"

"तुम्हाला नाही," काकू म्हणाल्या. "यांना."

त्यांनी दोरी उचलली, वाकून बाहेर आल्या आणि वन्सं दाराशी हात हलवत उभ्या होत्या तिकडे निघाल्या. पायातल्या पिशव्या लाकडावर सरसर वाजत होत्या. पहारेकऱ्यानं हॉलभर नजर टाकली. दुसरं कुणीच नव्हतं. काळ्या पडद्यावर मात्र, खांद्यापासून कमरेपर्यंत, तळहाताएवढ्या रुंदीचा एक डाळिंबी पट्टा उमटला होता. असे डाग ताबडतोब झटकून काढायचे म्हणून त्याच्या खिशात एक ब्रश असे. त्यानं तो काढला, थोडा वेळ हातात धरून उभा राहिला, आणि परत खिशात ठेवला.